धाकट्या बहिणीला सांगा

जूनच्या अखेरीचा शनिवार होता. भाचीला, मनूला, गिटारच्या क्लासवरून आणायला गेले आणि पावसामुळे तिथल्या जिन्यातच उभी राहिले. ओल्या छत्र्या, ओल्या चपला, त्यांचा तो रबरी वास, आणि आतून सहा-सात पोरांनी एकदम छेडलेला ए मायनर कॉर्ड. कुणाची तार उतरलेली, कुणाचं बोट नीट दाबलेलं नाही. मग सी, मग डी, आणि एफपाशी आले की सगळे अडखळायचे, कारण नवशिक्या हाताला एफ लवकर बधत नाही. गाणं ओळखायला मला दोन कॉर्ड पुरले. ‘द हाउस ऑफ द रायझिंग सन’. हाताला पिकिंगची, म्हणजे एकेक तार सुटी छेडायची, सवय व्हावी म्हणून कित्येक वर्षं हेच गाणं शिकवतात, माझ्या भावालाही त्याच्या मित्राने हेच शिकवलं होतं. वाजवून झालं आणि मनूचा आवाज आला, “सर, मी ‘पुअर बॉय’च्या जागी ‘पुअर गर्ल’ म्हणू का?” सर हसले. माणूस प्रेमळ आहे, मुलांवर कधी आवाज चढवत नाहीत. म्हणाले, “नको गं. गाणं जसं आहे तसंच म्हणावं. लिहिणाऱ्याने बॉय लिहिलंय ना?” दारातून मीही मान डोलावली.

परतताना स्कूटरवर मागून तिने विचारलं, “मावशी, बदललं असतं तर काय झालं असतं?” मी म्हटलं, “ज्याने लिहिलंय त्याचा मान ठेवावा, बाळा.” ती काही बोलली नाही. रेनकोटच्या टोपीवर पाऊस वाजत होता. घर येईपर्यंत ती गप्पच होती, आणि तिचं ते गप्प बसणं मला लागलं. चौदा वर्षांची मुलगी, तिला त्या ओळीत स्वतःला उभं राहायला जागा हवी होती, एवढंच. ती मागितल्यावर दोन मोठ्या माणसांनी तिला कुणा लिहिणाऱ्याचं नाव पुढे करून गप्प केलं.

तो लिहिणारा कोण, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

मी हे गाणं पहिल्यांदा ऐकलं ते भावाच्या कॅसेटवर. वरच्या खोलीत, उन्हाळ्याच्या दुपारी, पंख्याच्या घरघरीत. सुरुवातीला एकटी गिटार, एकेक तार सुटी करून वाजवलेली, चढून परत उतरणारी. मग तो आवाज, खालून सुरू होणारा, जणू काही सांगावं की नाही याचा विचार करत असलेला. मधेच ऑर्गन असा उसळतो की छातीत काहीतरी हलतं. बाबा तबला वाजवायचे. इंग्रजी गाण्यांशी त्यांचं देणंघेणं नव्हतं, पण त्या दिवशी दारात थांबले, मांडीवर बोटं टेकवून थोडं ऐकलं आणि म्हणाले, “अरे, हा तर दादरा.” धा धी ना, धा ती ना. सहा मात्रांचा तो झोका खरंच त्यात आहे. त्यानंतर हे गाणं मला कधी परकं वाटलं नाही. शब्द निम्मेच कळायचे. न्यू ऑर्लिन्समधलं एक घर, कुणाचा तरी जुगारी बाप, जीन्स शिवणारी आई, आणि एका मुलाचं वाटोळं.

ते रेकॉर्डिंग ‘द ॲनिमल्स’चं. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या न्यूकॅसल गावची पाच पोरं. १९६४ साली ते चक बेरीबरोबर दौऱ्यावर होते. रॉक अँड रोलमध्ये चक बेरीशी बरोबरी करायला जाणं व्यर्थ, म्हणून लोकांच्या लक्षात राहील असं काहीतरी वेगळं, संथ, अंधारं गाणं त्यांनी कार्यक्रमात घेतलं. प्रेक्षक स्तब्ध होतात हे पाहिल्यावर दौऱ्याच्या मधेच, १८ मे १९६४ ला, लंडनच्या एका स्टुडिओत जाऊन ते रेकॉर्ड केलं. पहिल्याच झटक्यात झालं. गायक एरिक बर्डन तेव्हा तेवीस वर्षांचा होता. हिल्टन व्हॅलेंटाइनच्या बोटांतून तो गिटारचा झरा आला आणि ॲलन प्राइसने ऑर्गन वाजवला. गाणं साडेचार मिनिटांचं झालं. त्या काळी रेडिओवर तीन मिनिटांचं गाणं म्हणजे पुष्कळ, तरीही ब्रिटनमध्ये निर्माता मिकी मोस्टने ते न कापताच काढलं. जुलैत ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं, सप्टेंबरात अमेरिकेत. आज आपण सगळे वाजवतो ते हेच, आणि मनूच्या सरांचं ‘जसं आहे तसं’ म्हणजेही हेच.

तबकडीवरच्या श्रेयाची गोष्ट त्याहून मोठी चटका लावणारी आहे. गाणं पारंपरिक, मांडणी ॲलन प्राइस, एवढंच त्यावर छापलं गेलं. पाच नावं तिथे मावणार नाहीत म्हणून एकच घातलं, असं बाकीच्यांना सांगण्यात आलं होतं. ज्याचं नाव, त्याची रॉयल्टी. ज्या गिटारच्या तुकड्यावरून दोन सेकंदांत हे गाणं ओळखू येतं तो तुकडा वाजवणाऱ्या व्हॅलेंटाइनचं नाव त्यात नाही. ही सल त्या मित्रांमध्ये वर्षानुवर्षं राहिली. त्यांच्यावर अन्याय झाला असं मलाही वाटतं. पण त्या रात्री मी उशिरापर्यंत जागून मागे मागे वाचत गेले तेव्हा कळलं, की ही अडचण फक्त पाच नावांची नव्हती.

ॲनिमल्सच्या आधी हे गाणं बॉब डिलनने गायलं होतं. नोव्हेंबर १९६१ मध्ये, आपल्या पहिल्या अल्बमसाठी. त्याची मांडणी त्याने घेतली होती डेव्ह व्हॅन रॉंककडून. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधला हा मोठा गायक, त्याने गाण्याचे कॉर्ड बदलले आणि खर्जाला अर्ध्या अर्ध्या सुराने उतरत नेलं. डिलनने त्याची परवानगी मागितली, पण तोवर गाणं रेकॉर्ड होऊन गेलेलं होतं. व्हॅन रॉंकने पुढे सांगितलं आहे, की त्याला ते गाणं सोडूनच द्यावं लागलं, कारण लोक म्हणायचे हे डिलनचं आहे. मग ॲनिमल्सचं गाणं गाजलं आणि डिलनवरही तीच वेळ आली, लोक त्याला म्हणायला लागले हे तर ॲनिमल्सचं. व्हॅन रॉंकने स्वतः ते पन्नासच्या दशकात हॅली वूड या टेक्ससच्या गायिकेच्या रेकॉर्डवरून उचललं होतं. आणि हॅली वूडने घेतलं होतं केंटकीच्या डोंगरातल्या एका मुलीच्या आवाजावरून.

तिचं नाव जॉर्जिया टर्नर. वय सोळा.

सप्टेंबर १९३७. बावीस वर्षांचा ॲलन लोमॅक्स आपल्या बायकोबरोबर, तबकडीवर आवाज कोरणारं जड यंत्र गाडीत घालून, केंटकीच्या खाणवस्त्यांमधून गाणी गोळा करत हिंडत होता. मिडल्सबरो नावाच्या गावात एका घरात त्याने यंत्र मांडलं. हे गाव वसलेलंच आहे एका प्राचीन उल्कापाताच्या खळग्यात, चहूबाजूंनी डोंगर. आपल्या लोणारच्या काठावर उभं राहून खाली पाहिलेल्याला ते चित्र डोळ्यांपुढे आणायला कष्ट पडत नाहीत. खळग्याच्या तळात गाव, आणि आसपास कोळसा. जॉर्जिया खाणकामगाराची मुलगी. न्यू ऑर्लिन्स तिथून हजार किलोमीटरच्या आसपास. त्या शहरातल्या त्या घरात वाया गेलेल्या मुलीचं गाणं ती म्हणाली, आणि लोमॅक्सने ते उतरवून घेतलं.

ते रेकॉर्डिंग आज घरबसल्या ऐकता येतं. मी रात्री दीड वाजता कानात इअरफोन घालून ऐकलं. आधी तबकडीची खरखर, जणू कढईत काही तडतडतं आहे. मग थेट तिचा आवाज. ऑर्गन नाही, ड्रम नाहीत, ए मायनरची ती काळोखी तर अजिबात नाही. चाल उजळ आहे. एवढी वाईट गोष्ट ती जवळजवळ मोकळ्या, उघड्या सुरात सांगते, पाणी भरताना बाई बोलेल तशी. मायनरमधली आपल्या ओळखीची चाल पुढे जॉश व्हाइट या ब्लूज गायकाच्या गाण्यातून आली. जॉर्जियाच्या गाण्यात वाटोळं झालेली ती मुलगी आहे, ‘पुअर गर्ल’, आणि ‘देवा, त्यांतली मी एक’. बाप जुगारी नाही, कारण बाप गाण्यातच नाही. बिघडलेला आहे तो तिचा प्रियकर, दारुडा, न्यू ऑर्लिन्समध्ये पिऊन पडलेला. आई मात्र तीच, शिवणकाम करणारी, निळी जीन्स शिवणारी. चाल बदलली, नायिकेचा नायक झाला, पण शिवणयंत्रापाशी बसलेली ती आई कुणी उठवली नाही.

मी मनूशी बोलण्याआधी एक गोष्ट तपासली, कारण मला दुसऱ्यांदा चुकीचं सांगायचं नव्हतं. जॉर्जियाच्या चार वर्षं आधी, १९३३ मध्ये, क्लॅरन्स ॲशली या डोंगरातल्याच गायकाने हे गाणं रेकॉर्ड केलेलं आहे आणि त्याच्या गाण्यात मुलगे आहेत. ते त्याला आजोबांकडून मिळालं होतं. म्हणजे आधी मुलगी होती आणि मग तिला कुणी हाकललं, इतकी सरळ गोष्ट ही नाही. डोंगरात हे गाणं दोन्ही तोंडांनी फिरत होतं, जो गाईल तो आपलं दुःख त्यात भरत होता. पण जॉर्जियापासून हॅली वूड, व्हॅन रॉंक, डिलन या वाटेने आलेलं गाणं मुलीचं होतं. ॲनिमल्सनी ते मुलाचं केलं. रेडिओवर वेश्याघरातल्या मुलीची कहाणी वाजणार नाही हेही कारण सांगतात, आणि ते पटण्यासारखं आहे.

मला सगळ्यात जास्त विचारात टाकलं डिलनने. वीस वर्षांचा मुलगा, ओठावर मिसरूड नसलेला, मायक्रोफोनसमोर उभा राहून ‘पुअर गर्ल’ म्हणतो, ‘माझा प्रियकर जुगारी आहे’ म्हणतो, आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नाही. आपल्याला तरी कुठे वाटतं? ज्ञानेश्वरांनी विरहिणी लिहिल्या, शाहिरांनी बाईच्या तोंडची लावणी बांधली, बालगंधर्वांच्या पदांवर आमच्या आज्यांनी जीव टाकला. पुरुषाने बाईच्या तोंडून बोलावं ही मोठी कला मानतो आपण. आणि मुलीने मुलीच्या तोंडून बोलू का विचारलं तर तिला म्हणतो, गाणं जसं आहे तसं.

माझी आजी कराडकडची. पहाटे जात्यावर बसायची तेव्हा मी गोधडीत अर्धवट जागी असायचे. दगडाचा घर्र घर्र आवाज, पिठाचा कोमट वास, आणि तिची ओवी. तिच्या ओवीत भाऊ गाडी जुंपून न्यायला यायचा आणि त्याचं नाव दरवेळी आमच्या मामाआजोबांचं असायचं. तीच ओवी आत्या म्हणायची तेव्हा भावाच्या जागी माझे बाबा यायचे. धाकट्या काकूला भाऊ नव्हता, ती तिथे बहिणीचं नाव घालायची, आणि ओवी जराशी लांबायची, पण जातं तिच्यासाठी थांबून राहायचं नाही, ती तेवढ्यात बसवून घ्यायची. ओवीत ती जागा रिकामी ठेवलेलीच असते. कुणी विचारलं नाही, की लिहिणाऱ्याने काय लिहिलं होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी गावोगाव जाऊन एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, तेव्हा गाणाऱ्या बाईचं नाव आणि गावही टिपून ठेवलं. मला त्या कामाबद्दल कायम कृतज्ञता वाटत आली आहे. लोमॅक्सनेही जॉर्जियाचं नाव पुसलं नाही, १९४१ च्या गाण्यांच्या पुस्तकात तिच्या नावाने ते शब्द छापले. पण पुस्तकातलं नाव ॲनिमल्सच्या तबकडीपर्यंत पोचलं नाही. ती १९६९ मध्ये गेली, अठ्ठेचाळीस वर्षांची होऊन, फुप्फुसाच्या आजाराने. गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर आलं त्याला तेव्हा पाच वर्षं झाली होती.

पुढच्या काही रात्री मी नुसती ऐकत राहिले. जोन बाएझचं १९६० चं, काचेसारखा आवाज, मुलीचं. नीना सिमोनचं १९६२ च्या अल्बममधलं, इतकं हळू की समोरच्या प्रेक्षकांनी श्वास रोखला असावा असं वाटतं. डेट्रॉइटच्या फ्रिजिड पिंक या बँडने १९७० च्या सुमाराला गिटार करवतीसारखी चालवली, ते मला एकदा ऐकून पुरलं. फ्रान्समध्ये जॉनी हॅलिडेने १९६४ मध्येच त्या घराचा तुरुंग केला, आणि फ्रेंच लोकांना ते गाणं तसंच माहीत आहे. फाइव्ह फिंगर डेथ पंच या बँडने घर न्यू ऑर्लिन्सहून उचलून जुगाराच्या झगमगत्या शहरात नेलं. ते घर खरोखर कुठे होतं याचा शोधही चालूच असतो. न्यू ऑर्लिन्सच्या कॉन्टी स्ट्रीटवर रायझिंग सन नावाचं हॉटेल होतं, ते १८२२ मध्ये जळालं, आणि २००५ मधल्या उत्खननात तिथे दारूच्या बाटल्यांबरोबर गालाला लावायच्या लालीची भांडी सापडली. काहीजण म्हणतात तो बायकांचा तुरुंग होता, गाण्यात पायातल्या बेडीचा उल्लेख आहे म्हणून. मला त्या शोधात फारसा रस वाटला नाही. पण डॉली पार्टनपाशी मी थांबले. टेनेसीच्या डोंगरातली, मिडल्सबरोपासून फार लांबची नव्हे. १९८१ मध्ये, त्या काळच्या चकचकीत वाद्यमेळात, तिने ते घर कसलं होतं हे लपवलं नाही आणि गाणं पुन्हा बाईच्या तोंडी दिलं.

आणि एक ओळ. ती माझ्या लक्षात आली तेव्हा मी इअरफोन काढून ठेवला.

एरिक बर्डन म्हणतो, आई, तुझ्या मुलांना सांग, मी केलं ते करू नका. मुलीच्या गाण्यात तिथे आई नाही. तिथे आहे, ‘जा, माझ्या धाकट्या बहिणीला सांगा.’ मी केलं तसं कधी करू नकोस म्हणावं. बिघडलेला मुलगा आईला हाक मारतो, सगळ्या लेकरांना मिळून एक उपदेश पाठवतो. त्या मुलीला मात्र एकच माणूस आठवतं. घरात मागे राहिलेली, अजून लहान असलेली, आता या वाटेला लागायची शक्यता असलेली. ती स्वतः काही सुटत नाही. गाण्याच्या शेवटी एक पाय फलाटावर, एक गाडीत, ती परत त्याच घराकडे निघालेली असते. फक्त निरोप देऊन जाते.

मी धाकटी बहीण आहे. मनूची आई माझी ताई. ताईचं लग्न एकोणिसाव्या वर्षी झालं, एस. वाय.ला असताना. स्थळ चांगलं होतं, माणसंही चांगली निघाली, तिचा संसार पाहून कुणी वाईट म्हणणार नाही. पण तिच्या वनस्पतिशास्त्राच्या वह्या आईने बरीच वर्षं माळ्यावर जपल्या होत्या, पानांच्या चित्रांत तिने इतक्या बारीक शिरा काढल्या होत्या. मला पहिलं स्थळ सांगून आलं तेव्हा ती माहेरी आली होती. रात्री मोरीपाशी आम्ही दोघी भांडी घासत होतो. माझ्याकडे न बघता, पातेल्याचा तळ घासता घासता ती म्हणाली, “माझ्यासारखी घाई करू नकोस.” एवढंच. पुढे एक शब्द नाही, मागे एक शब्द नाही. मी नाही म्हणून सांगितलं. घरात आठवडाभर कुणी माझ्याशी धड बोललं नाही. मी शिकले, नोकरीला लागले, आणि तिला त्या वाक्याची कधी आठवण करून दिली नाही. तिला त्यातून आपल्याच संसाराचा काही उणेपणा ऐकू येईल अशी मला भीती वाटायची, अजूनही वाटते.

पुढच्या रविवारी ताईकडे गेले. मनूला जवळ बसवलं आणि म्हटलं, “मी तुला चुकीचं सांगितलं. लिहिणारा असा कुणी नाही.” तिला जॉर्जियाचं गाणं ऐकवलं. तिने डोळे बारीक करून दोनदा ऐकलं. “ही माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठी?” मग गिटार मांडीवर घेतली आणि तिच्या गाण्यावर आपला ए मायनर लावून पाहिला. बसेना. “मावशी, हिची चाल वेगळीच आहे.” थोडा वेळ ती मेजरमध्ये, म्हणजे उजळ सुरांत, काहीतरी शोधत राहिली, मग कंटाळून परत ओळखीच्या चालीवर आली, पण शब्द जॉर्जियाच्या बाजूचे घेतले. गर्ल. स्वीटहार्ट. बेबी सिस्टर. तिची धाकटी बहीण चिऊ पलंगावर पालथी पडून पाय हलवत चित्र रंगवत होती, तिने स्वतःचा उल्लेख ओळखून मान वर केली आणि परत रंगवायला लागली. सोमवारी क्लासमध्ये काय म्हणायचं हे मनूने अजून ठरवलेलं नाही. मी म्हटलं, सरांना हे रेकॉर्डिंग ऐकव, त्यांना आवडेल. मला खरंच वाटतं की आवडेल.

मी स्वयंपाकघरात गेले. ताई पोळ्या लाटत होती. आतून मनूचा आवाज येत होता, अजून कच्चा, वरच्या सुराला थरथरणारा. ताईने लाटणं थांबवलं.

“काय म्हणते गं ती? सिस्टरचं काहीतरी?”

“धाकट्या बहिणीला सांगा म्हणते. मी केलं तसं करू नकोस म्हणून.”

ताईने पोळी तव्यावर टाकली, कडेने फडक्याने दाबली. पोळी फुगली, तिने ती उतरवून तूप लावलं, आणि पुढची लाटायला घेतली.

“मग ऐकलं का बहिणीने?” तिने विचारलं.

मी ओट्यावरचा पोळ्यांचा डबा तिच्याजवळ सरकवला. आत मनू एफपाशी अडखळली होती आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती.

“ऐकलं,” मी म्हटलं.